अर्धी आप्पांची, अर्धी बापूंची

सुतारकाम करणाऱ्याच्या अंगावर भुसा राहतोच. सांजच्याला कितीही झटका, घरी गेल्यावर बायको म्हणणार, कानामागं राहिलाय बघा. किस्स्यांचं माझं तसंच झालंय. हातातली करवत सुटून लई सालं झाली, पण चार माणसांत बसलो की अजून कानामागनं काहीतरी पडतंच. मग कुणीतरी म्हणतं, नाना, ती मोटारीची वाटणी सांगा की. सांगतो. पण मी पहिल्यापासून संथ माणूस. मधी चहा लागंल.

नळदुर्गला, सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या कडेला करीम उस्तादांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, पत्र्याचं छप्पर, मागं एक खोली, एक लिंबाचं झाड आणि झाडाखाली एक खाट. त्या काळात ट्रक यायचे ते नुसते सांगाडे. पुढं इंजिन, मागं चाकं, बाकी सगळं मोकळं. त्यावर लाकडाची बॉडी आम्ही बांधायचो. उस्ताद इंजिनात, मी लाकडात, गणपत पेंटर रंगात. माझं वय तिशीचं, पण चाल बैलगाडीची, म्हणून तेव्हापासूनच मला सगळे नाना म्हणायचे.

निजामाचं राज्य जाऊन थोडी वर्षं झाली होती. जहागीरदार, मोठे अंमलदार एकेक करून हैदराबादला निघाले, आणि जाताना मोटारी इथंच कुणाकुणाला विकून गेले. ज्यांनी घेतल्या त्यांना त्या चालवायच्या कशा ते ठाऊक नव्हतं, अन् टाकवतही नव्हत्या. मग ते आमच्याकडं यायचे. म्हणायचे, हिचं काहीतरी करा.

काहीतरी म्हणजे काय, यावर उस्ताद आणि गणपतचं रोज वाजायचं. उस्ताद म्हणायचे, बनवणाऱ्यानं काय येडा होऊन बनवली का, आहे तशी ठेवा. गणपत म्हणायचा, उस्ताद, तसंच ठेवत बसलो तर माझे ब्रश वाळून जातील! मी दोघांच्या मधी बसून रंधा मारायचो.

*

आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीचा एक गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार, आला. मोटार झकास, ऊन पडलं की डोळे दिपायचे. म्हणाला, हिचं छत कापा, पुढचं नाक बदला, दिवे दुसरे लावा.

उस्तादांनी गाडीभोवती एक फेरा मारला. इंजिन चालू करून ऐकलं. मग खाटेवर बसून गुत्तेदाराला विचारलं, "तकलीफ गाडीकू है, के तुमकू?"

गुत्तेदार म्हणाला, गाडीला काही नाही, गाडी बेस्ट आहे.

"फिर तुमकू क्या होरा?"

गुत्तेदार लई वेळ विचार करत बसला. चहा आला, तो पिला. मग उठला, गाडीत बसला आणि वाशीला परत गेला. गणपत तीन दिवस उस्तादांशी बोलला नाही.

*

रस्त्यावरच्या एका ढाबेवाल्याचं उलटं. त्याला सासऱ्यानं लग्नात जुनी मोटार दिली होती. दर सालाला तो यायचा आणि काहीतरी बदलून न्यायचा. एकदा चाकं ट्रकची बसवली. एकदा मागचं शीट काढून पाण्याची टाकी ठेवली. छत गेलं, दरवाजे गेले, इंजिनही दुसऱ्याचं आलं. पण गिऱ्हाइकाला मोठ्या तोऱ्यात सांगायचा, आमच्या सासऱ्याची आठवण आहे, जिवापाड जपतो.

एके दिवशी सासराच ढाब्यावर आला. चहा घेतला, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाला, "जावईबापू, मी दिलेली मोटार दिसंना कुठं?"

सासरा तिलाच टेकून उभा होता.

*

आता मूळ गोष्टीवर येतो. तुळजापूरच्या वाटेवर एक गाव आहे. तिथं दादा पाटील होते. एका जहागीरदाराची मोटार त्यांनी घेतली. हिरवी, लांब नाकाची, दोन्ही अंगांना पाय ठेवायला फळी. मागच्या खिडक्यांना रेशमी पडदे, कारण जहागीरदाराच्या घरच्या बायका पडद्यात बसायच्या. दादांच्या घरात कुठला पडदा? पाटलीणबाई चालत्या मोटारीतनं हात काढून बांधावरच्या बायकांशी बोलायच्या. पण दादांनी पडदे ठेवले. म्हणाले, "पडदं मोटारीचं हायेत, आपलं न्हायत. आपण कशाला काढायचं?"

दादांना मोटार पुढं नेता यायची. मागं घेता यायची, पण ते घ्यायचे नाहीत. बाजारात गल्लीत अडकले तर समोरच्यानं बैलगाडी मागं सारायची. घरापाशी वळायला जागा नव्हती, म्हणून सगळ्या गावाला वळसा घालून दारात यायचे. उस्तादांनी एकदा सांगितलं, पाटीलसाब, एक गिअर अजून कोरा आहे, त्याला कधी हात लावणार?

दादा म्हणाले, "उस्ताद, गावचा पाटील माघारी सरताना लोकांनी बघितला, तर उद्या माझं ऐकंल कोण?"

दादांची दोन पोरं. थोरले आप्पा आणि धाकटे बापू. दोघंही लग्नं झालेले, कर्ते. मोटार निघाली की दादांचे हात चाकावर, शेजारी आप्पा, मागं पडद्यात बापू. ही बसायची जागा कधी बदलली नाही. एका थंडीत दादा गेले. मोटार दारात उभी राहिली, अन् वर्षाच्या आत भावांचं बिनसलं. कशावरनं, ते मला आजही ठाऊक नाही. दोघांना विचारलं तर दोघंही वेगळं सांगायचे.

*

आमच्याकडं वाटणीची एक रीत आहे. वाटे थोरल्यानं घालायचे आणि पहिला वाटा धाकट्यानं उचलायचा. त्यामुळं थोरला नीट मापून घालतो, कारण उरेल ते त्याच्या पदरात.

आप्पांनी रान वाटलं, बैल वाटले, भांडी वाटली. मोटारीपाशी येऊन अडले. मोटार ह्या वाट्यात घालावी, तर बापू हाच उचलतील. त्या वाट्यात घालावी, तर तोच उचलतील. दादांची मोटार जाईल ही भीती. पंच बसून बसून कंटाळले. शेवटी आप्पा उठले, गेरू घेतला आणि पुढच्या शीटच्या पाठीमागनं मोटारीवर आडवी रेघ ओढली. ह्या फळीपासनं त्या फळीपर्यंत, छतावरनंसुद्धा. म्हणाले, पुढची अर्धी एका वाट्यात, मागची अर्धी दुसऱ्यात.

पंचांनी मान हलवली. त्यांना जेवायला जायचं होतं.

सगळ्यांना वाटलं, बापू पुढची अर्धी घेणार. इंजिन पुढं, चाक पुढं, भोंगा पुढं. मागं आहे काय, एक शीट आणि पडदे. आप्पा जमिनीकडं बघत उभे होते. बापू उठले, मोटारीपाशी गेले, आणि मागच्या दरवाजावर हात ठेवला.

एक पंच हळूच दुसऱ्याला म्हणाला, धाकट्याच्या डोक्यावर परिणाम झालाय.

*

पण पेट्रोलची टाकी मागं होती. ती बापूंच्या वाट्याला आली, हे दोन दिवसांनी ध्यानात आलं. बापूंनी टाकीच्या झाकणाला कुलूप घातलं. द्यायचं नव्हतं असं नाही. बापू ज्याला त्याला सांगायचे, "आप्पांनी एकदा म्हणावं, बापू किल्ली दे. एवढंच. मी काय न्हाय म्हणतोय?"

आप्पा म्हणायचे, "दादांच्या मोटारीचं तेल मी मागून घेऊ?"

वर्षभर मोटार हलली नाही. विहिरीवर पाळ्या लागल्या, चुली दोन झाल्या, बांधावर बाभळीचं कुंपण आलं. बोलणं तर बंदच. सामायिक म्हणावं असं दोघांत काही उरलं नाही, ह्या मोटारीशिवाय. मग बापूंनी ठरवलं, आपली अर्धी कापून न्यायची. मागचा आस, दोन रबरी चाकं, त्यावर माल ठेवायला लाकडी साटी बांधून बैलाची टायरगाडी करायची. तेव्हा टायरगाड्या नव्या निघाल्या होत्या, बैलाला हलक्या जायच्या. आप्पांचं म्हणणं एकच. पुढच्या अर्ध्या मोटारीला ओरखडाही उठता कामा नये. दादांच्या वेळी होती तशी राहिली पाहिजे.

एका सकाळी नळदुर्गच्या रस्त्यावर ही गर्दी! मी करवत ठेवून बाहेर आलो. हिरवी मोटार येत होती, पण इंजिनचा आवाज नाही. आप्पांनी आपले बैल पुढच्या बंपरला जुंपले होते. स्वतः चाकावर बसले होते, एका हातात चाक, एका हातात कासरा. मागच्या अर्ध्यात पडदा सारून बापू बसलेले, हाताची घडी घालून. तेल मागायचं नाही म्हणून बैल, आणि आपला वाटा डोळ्याआड करायचा नाही म्हणून मागं बापू.

रस्त्याकडेचा एक म्हातारा हात जोडून म्हणाला, धाकल्या पाटलांची मोठी ऐट हाय, थोरल्या भावाला गाडीवान ठिवलाय!

उस्तादांनी आधी बैलांकडं बघितलं, मग मोटारीच्या नाकावर हात ठेवला. "इंजन के आगे बैल," ते म्हणाले, आणि खाटेवर जाऊन पडले. दुपारपर्यंत उठले नाहीत.

*

दोघं भाऊ रोज यायचे. आप्पा लिंबाच्या ह्या बाजूला बसायचे, बापू त्या बाजूला. मधी मी. दोघांतलं अंतर एवढं, की एकाची तपकीर उडाली तर दुसऱ्याला शिंक यायची. पण बोलायचं ते माझ्यातर्फे.

आप्पा म्हणायचे, नाना, त्यांना म्हणावं, रेघेच्या ह्या अंगाला खिळासुद्धा काढायचा न्हाय. बापू म्हणायचे, नाना, त्यांना सांगा, मला त्यांच्या खिळ्याची गरज न्हाय.

मी संथ माणूस. आप्पांनी निरोप सांगितला की मी हातातली फळी पुरी करायचो. मग पाणी प्यायचो. मग उठायचो. बापूंपाशी पोचेपर्यंत आप्पा मागनं म्हणायचे, नाना, ऱ्हाऊ द्या, नगा सांगू. बापूंचंही तसंच. दिवसभर मी ह्या झाडाच्या दोन्ही बाजूंना फिरलो, पण पोचवलेले निरोप दोन-चारच. त्यातला एक आप्पांचा असा होता की, नाना, त्यांना इचारा, दुपारची भाकरी आणली का. तो मात्र मी पळत पोचवला.

 बापूंनी आपलं फडकं सोडलं, त्यातली अर्धी भाकरी अन् कांदा माझ्या हातात दिला. मी ते आप्पांकडं नेलं. आप्पा म्हणाले, "मी मागितली न्हवती." आणि खाल्ली.

*

गणपतला राहवत नव्हतं. पुढची अर्धी ओरिजिनल ठेवायची तर निदान चमकवू तरी द्या, असं त्याचं. एके दिवशी तो डबा-ब्रश घेऊन पुढच्या दरवाजापाशी बसला. खिडकीच्या खाली एके ठिकाणी हिरवा रंग पार उडाला होता. खालचा पत्रा दिसत होता, पाटीसारखा गुळगुळीत.

आप्पा धावत आले. "तिथं ब्रश लावू नगंस," म्हणाले. "दादांचं कोपर ठिवायची जागा हाय ती. तिथला रंग त्यांनी काढलाय. तू लावणार कोण?"

गणपत डबा घेऊन उठला. पण तो गप्प बसणारा नाही. म्हणाला, आप्पा, रागावू नका, पण तोडल्यावर पुढची अर्धी ना चालणार ना वळणार. तशीच ठेवून करणार काय तुम्ही?

आप्पा म्हणाले, "बसणार."

गणपत लिंबाला वळसा घालून बापूंकडं गेला. त्यांनाही सोडायचं नव्हतं त्याला. म्हणाला, बापू, एक विचारू का? सगळा गाव हसतोय. इंजिन सोडून मागचं शीट का घेतलंत?

बापू चुना मळत होते. मळता मळताच म्हणाले, "दादा मोटार चालवायचे तवा मागनं मला त्यांचा फेटा दिसायचा. वाऱ्यानं शेमला हालायचा. पुढं बसून आप्पाला काय दिसलं? रस्ता."

गणपतनं विचारलं, मग ते शीट कापून टायरगाडी कशाला करताय?

"आता पुढं बघितलं की आप्पा दिसतोय," बापू म्हणाले. "पाठ केलेला."

मी ऐकलं. हा निरोप नव्हता, म्हणून मी तो पलीकडं नेला नाही. नेला असता तरी कसा नेणार, मला कळेना. त्या दिवशी माझ्या हातून एक फळी तिरकी कापली गेली.

*

कापायचा दिवस ठरला आणि नवीनच भांडण निघालं. करवतीचं.

त्या मोटारीचं छत लाकडी पट्ट्यांचं, म्हणून आधी करवत. करवतीला जाडी असते. ती लाकडातनं गेली की तेवढं लाकूड भुसा होऊन खाली पडतं. आप्पा रेघेपाशी वाकून बघत होते. म्हणाले, नाना, त्यांना इचारा, करवत रेघेच्या कुठल्या अंगानं जाणार? माझ्या अर्ध्यातलं लाकूड जाता कामा नये.

बापू म्हणाले, नाना, त्यांना सांगा, रेघ त्यांनी वढलीया. रेघेची जाडी त्यांनी सोसावी.

आप्पा म्हणाले, रेघ दोघांची. बापू म्हणाले, मग करवत रेघेच्या मधनं. आप्पा म्हणाले, मधनं म्हणजे माझ्यातलं अर्धं गेलं का न्हाय? मी ह्या बाजूला, त्या बाजूला, असं करत पाय दुखायला लागले. गेरूची ती रेघ तरी केवढी, माझ्या करंगळीएवढी जाड. पण तिच्यावर दोघांनी सकाळची दुपार केली. एकानं एका बाजूनं सुतळी लावून माप घेतलं, दुसऱ्यानं दुसऱ्या बाजूनं. दोन्ही मापं सारखीच आली, तेव्हा दोघांनीही सुतळीवर संशय घेतला.

उस्ताद खाटेवरनं उठले. आतनं एक फडकं आणलं आणि मोटारीखाली अंथरलं.

"भुस्सा इसमें गिरेगा," ते म्हणाले. "तराजू मैं देता. आधा आधा बाँट लेव."

कुणी हसलं नाही. पण त्यानंतर जाडीचं कुणी काढलं नाही.

उस्ताद मला बाजूला घेऊन गेले. त्यांचं तोंड उतरलं होतं. म्हणाले, नाना, आधी कटी मोटर को मोटर नहीं बोलते, भंगार बोलते. ये दो जने भंगार बाँट रहे. मी म्हटलं, उस्ताद, आपण न्हाय म्हटलं तर सोलापूरला नेऊन कापतील. ते म्हणाले, वो भी है. तू कर, मेरेसे नै होता. आणि आत जाऊन तोंड भिंतीकडं करून पडले.

*

आमच्या कारखान्याची एक रीत होती. जुनी बॉडी तोडायची तर पहिला हात मालकाचा. त्यानं करवत धरून पहिली चीर पाडायची, मग आम्ही पुढं लागायचं. उद्या त्याचा जीव हळहळला तर म्हणायला नको, तुम्हाला तोडायला सांगितलं कुणी.

इथं मालक दोन. रेघ दोघांची. मी लांब करवत काढली, दोन्ही टोकांना मुठी असलेली, जिला दोन माणसं लागतात. छतावरचं मेणकापड मी आधीच सोडवलं होतं, खाली सागाच्या पट्ट्या उघड्या पडल्या होत्या. एका बाजूच्या फळीवर आप्पा चढले, दुसऱ्या बाजूच्या फळीवर बापू. छतावर करवत आडवी ठेवली. दोघांनी आपापली मूठ धरली. वर्षभरानं दोघांची तोंडं समोरासमोर आली. मधी फक्त छत.

बापूंनी एकदा मागच्या पडद्याकडं बघितलं. आप्पांचा हात खिडकीच्या त्या उडालेल्या रंगावर टेकला होता, तो त्यांनी उचलला.

मी म्हटलं, चालवा.

दोघांनी एकदमच आपल्याकडं ओढली. करवत जागची हलली नाही. पुन्हा ओढली. पाती वाकून कुंई करून ओरडली. आप्पा शेतकरी गडी, बापू त्यांच्याहून तगडे. दोघांच्या मानेच्या शिरा फुगल्या. मी सांगायला तोंड उघडलं की ही करवत अशी चालत नाही, एकानं ओढताना दुसऱ्यानं सैल सोडायची असते. पण मी संथ. माझं तोंड उघडेपर्यंत आप्पा बोलले.

"बापू, सैल सोड की."

 आप्पांच्या ध्यानात आलं नव्हतं. बापूंच्या आलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, हा निरोप माझ्याकडनं यायचा होता की काय असं. मी खाली बघून पाचर शोधायला लागलो.

बापूंनी मूठ सैल सोडली. करवत आप्पांकडं गेली. पहिला भुसा पडला.

"आता तुमी सोडा, आप्पा."

आप्पांनी सोडली. मग बापूंनी. मग आप्पांनी. चिरीत पाती बसली आणि करवतीला लय सापडली. मालकांनी एक चीर पाडायची आणि थांबायचं, एवढंच होतं. मी पुढं झालो, म्हटलं, पाटील, झालं, आता आमी करतो. कुणाचं लक्ष नाही. एक पट्टी तुटली, दुसरी लागली. आप्पा म्हणाले, जरा दमानं, खाली वाकतंय. बापू म्हणाले, तुमी वरनं धरा. आप्पा म्हणाले, तुझं मनगाट अजून तसंच हाय, कडबा कापताना बी असंच वाकडं धरायचास. बापू म्हणाले, अन् तुमी दादांना जाऊन सांगायचा. दोघांच्या कपाळावरनं घाम भुशात पडत होता. आतनं उस्ताद येऊन दारात उभे राहिले. गणपतच्या हातात विडी तशीच जळत होती. 

शेवटची पट्टी तुटली. करवत एकदम मोकळी झाली आणि दोघं फळीवरनं पडता पडता राहिले. छत ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत चिरलं होतं. त्या फटीतनं ऊन आत गेलं, पुढच्या शीटवर थोडं, मागच्या शीटवर थोडं.

दोघं खाली उतरले. करवत मधी होती, एक मूठ आप्पांच्या हातात, एक बापूंच्या. मी घ्यायला हात पुढं केला. आप्पांनी दिली नाही. बापूंनीही नाही.

"आरं, तुटलं की समदं," आप्पा म्हणाले.

"व्हय की," बापू म्हणाले.

मी म्हटलं, आता खालचा सांगाडा. तो लोखंडाचा, उस्तादांची छन्नी लागंल. उस्ताद दारातनं म्हणाले, छन्नी बोथट है. मी त्यांच्याकडं बघितलं. आदल्या दिवशीच त्यांनी तिला धार लावली होती.

 मग बापूंची नजर कारखान्याच्या कडेला गेली. तिथं बाभळीचा एक ओंडका पडला होता, गाठीचा, वाकडा. पावसाळ्यापासनं तसाच. त्यावर आम्ही बसून चहा प्यायचो.

"नाना," बापू म्हणाले, "त्यो बी कापायचाय का?"

मला तो कापायचा नव्हता. तो कापून उपयोगही नव्हता.

मी म्हटलं, "कापा की."

दोघांनी करवत न सोडता मोटारीला वळसा घातला, ओंडक्याच्या दोन अंगांना मांडी घालून समोरासमोर बसले आणि चालू झाले. सूर्य रस्त्यापलीकडं गेला तरी कापत होते.